जुन्या गाडीचे मागचे दरवाजे जाम झाल्याबाबत तक्रार

गुहागर, जि. रत्नागिरी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: विक्रीआधीपासून असलेला दरवाजांच्या लॉकचा दोष विनामूल्य दुरुस्त करून मिळणे.

महोदय,

मे महिन्यात आपल्याकडून मी वापरलेली डिझेल हॅचबॅक घेतली. सोबतच्या तपासणी अहवालात ‘दरवाजे व लॉक – सुस्थितीत’ असं लिहिलेलं आहे. पाऊस लागला आणि मागचा डावा दरवाजा बंद झाला तो झालाच. उजवा कधी उघडतो, कधी नाही.

आपल्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘चाइल्ड लॉक पडलं असेल.’ चाइल्ड लॉक पडलं तर फक्त आतलं हँडल चालत नाही, बाहेरून दार उघडतं. इथे बाहेरचं हँडलही नुसतंच रिकामं हलतं. नंतर आपल्या सर्व्हिस सेंटरने फटीतून स्प्रे मारून गाडी परत दिली. त्याने काडीचाही फरक पडला नाही.

शेवटी इथल्या मेस्त्रींनी दार बंद असतानाच मागची सीट काढून आतलं पॅनेल सोडवलं. हँडलपासून लॅचपर्यंत, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या खटक्यापर्यंत, जाणाऱ्या रॉडची प्लॅस्टिक क्लिप तुटलेली होती आणि तिच्या जागी बारीक तार गुंडाळलेली होती. तीही गंजून तुटली होती. लॅच तांबेऱ्याने धरलेला. काचेच्या रबरातून पावसाचं थोडं पाणी प्रत्येक गाडीच्या दारात उतरतंच, ते तळाच्या भोकांतून निघून जातं. या दाराची ती भोकं गंजरोधक काळ्या कोटिंगने बुजली आहेत. दार हलवलं की आत पाणी डचमळतं. हे कोटिंग आपणच विक्रीआधी केलेलं आहे, आपल्या बिलात त्याचा उल्लेख आहे.

‘समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने गंज येतो, ती आमची जबाबदारी नाही,’ असं आपलं उत्तर आलं. खारी हवा आम्हाला नवी नाही. पण हवा कुणाच्या दारात तार गुंडाळत नाही, आणि भोकंही बुजवत नाही.

वॉरंटीत फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स येतात, हेही आपण ऐकवलंत. दाभोळहून धोपाव्याला येताना जंगलजेट्टीवर (गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीवर) उजव्या बाजूला टेम्पो अगदी चिकटून उभा होता आणि डावं दार उघडेना. मागे बसलेल्या माझ्या आईला गुडघे धरून पुढच्या दोन सीटमधून बाहेर यावं लागलं. भोवती खाडीचं पाणी. गाडी पेटली किंवा कलंडली तर मागच्यांनी काय करायचं? दार उघडणं ही सुरक्षिततेची बाब आहे, ती वॉरंटीच्या यादीत शोधायची नसते.

मागचे दोन्ही लॅच, रॉड आणि क्लिपा नव्या बसवाव्यात, चारही दारांची भोकं मोकळी करावीत आणि मेस्त्रींचं बिल मला परत द्यावं. हे काम गुहागरात माणूस पाठवून करावं. मागची दारं उघडत नसलेली गाडी माणसं बसवून घाटातून आपल्या शहरात आणायला मी तयार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय या कायद्यात आहे. तार, तुटकी क्लिप आणि गंजका लॅच मी जपून ठेवले आहेत.

सोबत: विक्रीचे बिल, तपासणी अहवाल, मेस्त्रींचे बिल यांच्या प्रती व फोटो.

आपला ग्राहक,
(सही)