तानपुरा मिरजेला धाडण्याआधी

महोदय,

मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आनंदच आहे. पण वाजेनासा झालेला तानपुरा लातूर-नांदेडहून दुरुस्तीला मिरजेला न्यायचा म्हटले की भजनी मंडळे हात टेकतात आणि मोबाइलवरचा तानपुरा लावतात. पुष्कळदा दोष तारेत नाहीतर तारेखालच्या दोऱ्यात असतो, आणि तो घरीच निघतो.

गंजलेली किंवा मुरड पडलेली तार सूर देते, झंकार देत नाही. तारा बदलताना चारही एकदम सोडू नयेत. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तारांच्या दाबावर उभी असते. सरकली की मूळ जागा शोधत बसावे लागते. पायांभोवती पेन्सिलीची खूण करून एकेक तार बदलावी, जाडी जुनीच ठेवावी. खर्जाला, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या तारेला, पितळेऐवजी बारीक पोलादी तार ओढली की घुमारा गेला.

जवारीला, म्हणजे तारेच्या झंकाराला, शिवणाचा सुती दोरा पुरतो, बोटभर. तार सुरात आणून मगच तो तार आणि घोडीच्या मध्ये घालावा. एका हाताने तार छेडत दुसऱ्याने दोरा केसभर सरकवत राहावे. एका जागी तार एकदम उघडते. जागा चुकली तर आवाज कोंडतो किंवा नुसता चरचरतो. गायची पट्टी बदलली तर दोरा पुन्हा जुळवणे आले. दबून चपटा झाला की बदलावा; इतकी स्वस्त दुरुस्ती दुसऱ्या वाद्याला नाही!

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, खुंट्या सुटतात. खुंटी काढून खडूची पूड लावावी, आत दाबत पिळावी. पावसाळ्यात फुगून अडकली तर कोरडा साबण घासावा. तेल मात्र नको, खुंटी धरतच नाही. खुंटीने सूर किंचित उतरा ठेवून उरलेले काम तारेत ओवलेल्या मण्यावर सोडावे: मणी तारदानाकडे, म्हणजे तारा खाली जिथे बांधतात तिकडे, ओढला की सूर चढतो.

घोडीवर तारांच्या चरा पडल्या असतील तर पॉलिश पेपर हाती घेऊ नये. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो; तो घासला गेला की कितीही दोरे बदला, जवारी येत नाही. तेवढ्यासाठी मिरज गाठावी, आणि घोडीच पाठवून भागत नाही, वाद्य न्यावे लागते.

– एक वाचक, अंबाजोगाई