प्रतिवाद करणाऱ्या पाळकसाहेबांस

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावाने सादर सलाम.

आपल्या पुण्याच्या अभ्यासगटात पोपच्या अप्रमादित्वावर, म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत पोपचा अधिकृत निर्णय चुकीचा असू शकत नाही या कॅथलिक सिद्धांतावर चाललेली चर्चा नुकतीच संपली. ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे होते आणि ती खोडून काढण्याचे आपल्याकडे. प्रतिवाद करणाऱ्याचे जाहीर आभार मानण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि वसईच्या एका कॅथलिक बाईने चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या निवृत्त पाळकांना असे उघड पत्र लिहावे याचे दोन्हीकडच्या काही मंडळींना नवल वाटेल. पण हा सिद्धांत नेमका काय म्हणतो आणि कुठे थांबतो, हे तो न मानणाऱ्या माणसाने जितक्या काटेकोरपणे उलगडून दाखवले, तितके मानणाऱ्यांपैकी कुणी दाखवल्याचे मला आठवत नाही. तेव्हा हे ऋण चारचौघांत सांगितलेच पाहिजे.

सुरुवातीच्याच एका बैठकीत आपल्या मंडळीतील एका तरुणाने मोबाइलवर आलेले बिशप स्ट्रॉसमायर यांचे भाषण मोठ्या उत्साहाने वाचायला घेतले होते. १८६९-७० मध्ये रोमला भरलेल्या आणि हाच सिद्धांत संमत करणाऱ्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत या क्रोएशियन बिशपांनी उभे राहून, नव्या करारात आपल्याला पोप कुठेच आढळला नाही, असे भर सभेत सांगितले, असा तो मजकूर. आम्ही कॅथलिक मंडळी एकमेकांकडे पाहू लागलो होतो. तेवढ्यात आपण त्याला मध्येच थांबवून म्हणालात, "पुढे वाचू नकोस. हे भाषण बनावट आहे. स्ट्रॉसमायरांनी ते केलेले नाही आणि हयात असतानाच त्यांनी ते नाकारले होते." मग त्यांचे खरे भाषण कोणते, तेही आपण सांगितलेत. २२ मार्च १८७० रोजी परिषदेपुढे आलेल्या मसुद्यात बुद्धिवाद आणि नास्तिकतेचे खापर प्रोटेस्टंट पंथावर फोडलेले होते. त्याला हरकत घेताना स्ट्रॉसमायर म्हणाले की, लाइबनित्स आणि गिझो यांच्यासारख्या प्रोटेस्टंट विचारवंतांनी याच विचारांशी झुंज दिलेली आहे. त्यावर सभेत एवढा गदारोळ उठला की त्यांना व्यासपीठावरून खाली उतरावे लागले. मला विचाराल तर हे खरे भाषण त्या बनावट भाषणाहून कितीतरी मोलाचे आहे, आणि कॅथलिकांना अधिक अडचणीचेही.

आपल्या हातात आयते आलेले हत्यार आपण असे बाजूला ठेवल्यावर आमच्या बाजूलाही वेगळे वागण्याची सोय उरली नाही. म्हणून माझ्या मांडणीची सुरुवात मी 'कॉन्स्टंटाइनच्या दानपत्रा'पासून केली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने साम्राज्याच्या पश्चिमेकडील सत्ता पोपच्या हवाली केली असे सांगणारा हा दस्तऐवज मध्ययुगात अधिकाराचा पुरावा म्हणून मिरवला गेला आणि लोरेन्झो व्हाल्ला या विद्वानाने १४४० मध्ये त्यातील लॅटिन भाषा तपासून तो खोटा असल्याचे सिद्ध केले. व्हाल्ला कॅथलिकच होते, एवढे मात्र मी आवर्जून सांगितले.

त्यानंतरची बैठक मी विसरणार नाही. परिषदेने १८ जुलै १८७० रोजी संमत केलेल्या, हा सिद्धांत मांडणाऱ्या दस्तऐवजाच्या चौथ्या प्रकरणातील त्या एकाच लांबलचक वाक्याची झेरॉक्स आपण प्रत्येकाला दिलीत आणि जिथे जिथे अट येते तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारायला लावलीत. पोप सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि शिक्षक या नात्याने बोलत असले पाहिजेत, एक रेघ. आपला सर्वोच्च प्रेषितीय अधिकार वापरत असले पाहिजेत, दुसरी. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे. आणि ती शिकवण संपूर्ण ख्रिस्तसभेने मानावी असा अखेरचा निर्णय ते देत असले पाहिजेत. विमानप्रवासात पत्रकारांना दिलेली उत्तरे, राजकारणावरील मते, बिशपांच्या नेमणुका, स्वतःचे आचरण यांपैकी काहीही या रेघांच्या आत येत नाही. पोपही पापनिवेदन करतात, हे आमच्याकडच्या पोरांना ठाऊक असते. पण तुमच्याकडील काही ज्येष्ठांना ते त्या दिवशी प्रथमच समजले, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले. १८७० नंतर हा अधिकार निर्विवादपणे वापरला गेला तो एकदाच, १ नोव्हेंबर १९५० रोजी, जेव्हा बाराव्या पायस यांनी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा, म्हणजे तिला देहासह स्वर्गात घेतले गेले हा, सिद्धांत घोषित केला. आणि त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून त्यांचे व त्यांच्या लोकांचे मत विचारले होते.

मी इथे जरा सैलावले, हे आपल्या नजरेतून सुटले नाही. "आता शेवटचा तुकडा वाचा," आपण म्हणालात. असे निर्णय स्वयमेव अपरिवर्तनीय असतात, ख्रिस्तसभेच्या संमतीमुळे नव्हे, असे तो तुकडा सांगतो. फ्रान्सच्या धर्मगुरूंनी १६८२ मध्ये काढलेल्या चार कलमांपैकी शेवटच्या कलमात, ख्रिस्तसभेची संमती मिळेपर्यंत पोपचा निर्णय अंतिम नाही, असे म्हटले होते. त्याचा कायमचा बंदोबस्त करण्यासाठी हे शब्द घातले गेले. बाराव्या पायस यांनी बिशपांना विचारले ते त्यांना योग्य वाटले म्हणून, नियमाने त्यांच्यावर तसे बंधन होते म्हणून नव्हे, हा आपला मुद्दा बिनतोड आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये बिशपांच्या सामूहिक अधिकारावर भर दिला खरा, पण तो तुकडा तिनेही जागचा हलवला नाही.

आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद कॅथलिक आर्चबिशपांच्याच लेखणीतून उतरलेला आहे, हेही मला आपल्याकडून कळले. अमेरिकेतील सेंट लुईसचे आर्चबिशप केनरिक यांना परिषदेत बोलू दिले गेले नाही, तेव्हा त्यांनी आपले भाषण नेपल्समध्ये छापून घेतले. मत्तयच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला 'या खडकावर मी आपली मंडळी रचीन' असे म्हणतो (पोप हे पेत्राचे वारस, असे आम्ही मानतो); त्यातील खडक म्हणजे कोण, याविषयी प्राचीन आचार्यांच्या मतांची मोजदाद त्यात आहे: खडक म्हणजे पेत्र असे म्हणणारे १७, पेत्राने कबूल केलेली श्रद्धा असे म्हणणारे ४४. हा आकडा मला अजून टोचतो. खडकाचा अर्थ कोणता घ्यावा हे ऑगस्टिन यांनीही उतारवयात वाचकावर सोपवले होते. माझे उत्तर मी तेव्हाही दिले होते आणि आजही देते: त्या काळच्या आचार्यांना हे दोन अर्थ परस्परांना छेद देणारे वाटत नव्हते, एकच आचार्य एका प्रवचनात एक आणि दुसऱ्यात दुसरा अर्थ सांगत असे, शिवाय आमचा आधार केवळ त्या एका वचनावर नाही, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, हे येशूने पेत्राला उद्देशून म्हटलेले लूकमधील वचनही त्यात येते. आपण मान हलवलीत आणि गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडलात, जिथे पौल अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध करतो. पण तिथे पेत्र चुकला तो वागण्यात, शिकवण्यात नव्हे. यावर आपले एकमत झाले नाही आणि होईलसे वाटत नाही.

पोप होनोरियस यांच्याबाबतीत मात्र आपण माझ्यासाठी जे केलेत ते वकिलाने पक्षकारासाठीही करू नये इतके होते. ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने या मृत पोपना पाखंडी ठरवले, एवढे सांगून आपल्याला थांबता आले असते. आपण मात्र हेही सांगितलेत की ज्या पत्रांवरून होनोरियस यांना दोषी धरले गेले ती कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख (पॅट्रिआर्क) सर्जियस यांना लिहिलेली होती, सर्व ख्रिस्तसभेला उद्देशून नव्हती, आणि पोप दुसरे लिओ यांनी परिषदेचा निर्णय कायम करताना ठपका ठेवला तो मुख्यतः श्रद्धेचे रक्षण न केल्याचा. म्हणजे माझे उत्तर आपणच आधी सांगून टाकलेत आणि मगच विचारलेत की, नंतर शतकानुशतके प्रत्येक नवा पोप त्या धिक्काराला दुजोरा देत आला, हे तुम्ही कुठे बसवता? इतिहासकार बिशप हेफेले यांना याच प्रश्नाने पहिल्या व्हॅटिकन परिषदेत छळले होते. १३ जुलैच्या मतदानात ८८ जणांनी विरोधात मत दिले आणि ६२ जणांनी अटी घालून होकार दिला, त्यांपैकी काहींमागे अशीच कारणे होती. पाच दिवसांनी अखेरच्या मतदानात ५३३ विरुद्ध २ असा निकाल लागला, कारण अल्पमतातील बहुतेक बिशप मतदानापूर्वीच रोम सोडून गेले होते. मागे राहिलेल्या त्या दोघांनी, इटलीच्या रिचिओ आणि लिटल रॉकच्या फिट्झजेराल्ड यांनी, विरोधी मत देऊन लगेच निर्णय स्वीकारला. हेफेले, केनरिक, स्ट्रॉसमायर यांनीही कालांतराने माघार घेतली. म्युनिकचे धर्मपंडित डॉलिंगर यांनी घेतली नाही, आणि १८७१ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले.

खरा तंटा अप्रमादित्वाचा नसून त्याच दस्तऐवजाच्या तिसऱ्या प्रकरणातील अधिकारक्षेत्राचा आहे, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे पटले आहे. अप्रमादित्व शतकात एखाद्या वेळी वापरले जाते; पण प्रत्येक धर्मप्रांतावर, प्रत्येक श्रद्धाळूवर पोपचा थेट आणि पूर्ण अधिकार आहे, हे कलम रोज लागू असते. याची झळ मुंबईला चांगलीच ठाऊक आहे. रोमने नेमलेले प्रतिनिधी खरे की पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदोखालील, म्हणजे पूर्वेकडील चर्चवरच्या त्याच्या आश्रयहक्काखालील, गोव्याचे आर्चबिशप खरे, यावरून एकाच शहरातील कॅथलिकांमध्ये दुहेरी अधिकारक्षेत्र होते आणि ते १९२८ च्या करारापर्यंत टिकले. आज बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेसाठी सर्व धर्मांचे लोक ज्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रांग लावतात, तिथेच १८५३ मध्ये रोमचे प्रतिनिधी बिशप हार्टमन ताबा सुटू नये म्हणून आतून दारे लावून बसले होते आणि बाहेर विरोधी कॅथलिकांनी वेढा घातला होता. दोन्ही पक्ष पोपचे नाव घेत होते. आणि हा प्रश्न केवळ रोमचा नाही, हे सांगताना आपण पंडिता रमाबाईंचे नाव घेतलेत ते फार बरे झाले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी तिथल्या अँग्लिकन जोगिणींनाच बजावले होते की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड मी मानेवर घेणार नाही.

आता एक मागणे. अंतिम निवाडा करणारा कुणी नसेल तर काय होते, यावर आपण ओझरते बोललात आणि वेळ संपला. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली या प्रोटेस्टंट सुधारकांचे पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले आणि प्रभुभोजनावर येऊन सारे फिसकटले. दोघांच्या हाती शास्त्र एकच होते. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असे मी गटाला सुचवले आहे. प्रतिवाद या खेपेस माझ्याकडे असेल. मारबुर्गविषयी कॅथलिक प्रचारात फिरणारे काही बनावट असेल तर ते मी आधी शोधून बाजूला काढीन. केनरिक यांच्या पुस्तिकेची आपली प्रत सध्या माझ्याकडेच आहे; समासातील आपल्या पेन्सिलीच्या खुणा उतरवून घेऊन ती बैठकीच्या दिवशी परत आणते.

आपली कृतज्ञ,
अभ्यासगटातील एक कॅथलिक भगिनी