गाठ कुठली, गाव कुठलं

बेळगाव

प्रिय सदा,

पत्र पोचलं. तुझ्या खानापूरकडच्या एकाच गावात दहा वर्षांत लिम्फोमाचे, म्हणजे लसीकापेशींच्या कर्करोगाचे, तीन रुग्ण, तिघंही गोवा-मुंबई करून आलेले, म्हणून बाहेरचं हवापाणी बाधलं असं तू धरून चाललायस. आधी त्रैराशिक मांडू. लाखामागे वर्षाला 3 रुग्ण धरले, तर 4,000 वस्तीच्या गावात दहा वर्षांत सरासरी जवळपास सव्वा रुग्ण येतो. सव्वाच्या जागी तीन किंवा जास्त येणं हे आठांतल्या एका गावात निव्वळ योगायोगानं घडतं. आणि तिकडं घरटी कुणी ना कुणी बाहेर असतंच की रे, मग रुग्णांतही तीच माणसं दिसणार.

स्थलांतरानं फरक पडतो, पण कुठल्या लिम्फोमात ते बघावं लागतं. लिम्फोमा हे आडनाव समज. त्या घरात पन्नासांहून जास्त भावंडं, प्रत्येकाची खोड निराळी. फॉलिक्युलर प्रकार युरोप-अमेरिकेत भरपूर, आशियात कमी. अमेरिकेत गेलेल्या चिनी-जपानी लोकांत तो कमीच राहिला, तिथं जन्मलेल्या त्यांच्या मुलांत वाढला, तरी गोऱ्यांच्या बरोबरीला आला नाही. उलट क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, याच घरातला, आशियाई वंशात अमेरिकेत जन्मलेल्यांतही कमीच. तिथं आनुवंशिकतेचा वाटा मोठा.

सगळ्यात बोलकं उदाहरण एचटीएलव्ही-1 विषाणूचं. जपानचं क्यूशू आणि कॅरिबियन बेटं ही त्याची घरं. मुख्यतः आईच्या दुधातून तो बाळात येतो, शंभर वाहकांतल्या तीन ते पाच जणांना पुढं टी-पेशींचा (पांढऱ्या रक्तपेशींतला एक प्रकार) लिम्फोमा होतो, तोही बहुधा चाळिशी-साठीत. लंडनमध्ये आजारी पडलेल्या जमैकन माणसाचं मूळ लंडनच्या हवेत शोधून काय मिळणार? डेनिस बर्किट या सर्जननं 1958 साली युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या गाठींचं वर्णन केलं, तिथंही एप्स्टाइन-बार विषाणू आणि मलेरिया ही जोडी लहानपणीच गाठते. म्हणून तुझ्या रुग्णांच्या वहीत ‘सध्याचा पत्ता’ आहे तो राहू दे, पण जन्मगाव, गाव सोडलं तेव्हाचं वय आणि बाहेर काढलेली वर्षं हे तीन रकाने वाढव. पुढं कामधंदा आणि एचआयव्हीचा रिपोर्ट.

कामधंद्यात नुसतं ‘शेती’ लिहू नकोस. कुठलं औषध, पाठीवरचा पंप की ट्रॅक्टर, हंगामात किती दिवस, हे विचार. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2015 साली लिंडेन या कीटकनाशकाला नॉन-हॉजकिन लिम्फोमासाठी (हॉजकिन प्रकार सोडून बाकीचे लिम्फोमा) पक्कं कारण ठरवलं. मॅलॅथिऑन, डायझिनॉन ही कीटकनाशकं आणि ग्लायफोसेट हे तणनाशक ‘बहुधा’च्या यादीत गेली. चिकोडी-रायबागच्या उसात तणनाशक मारणारा गावातच असतो, त्याला मुंबईला जावं लागत नाही!

आणि आकड्यांत एक फसवी जागा आहे. आपल्या कर्करोग नोंदणीत रुग्ण राहत्या गावचा मोजतात, राहत्या म्हणजे किमान वर्षभर. मुंबईत निदान झालेला आणि मग गावी परतलेला माणूस तुझ्या वहीत येतो, पण तालुक्याच्या आकड्यात नाही. तुझ्या अंशात तो असेल तर छेदात बाहेर असलेली माणसंही हवीत.

हे सगळं प्रकार पक्का कळला तरच कामाचं, आणि तो गाठीवरच ठरतो. मानेत गाठ दिसली की टीबीच्या गोळ्या सुरू, ही आपल्याकडची जुनी खोड, त्यात सहा महिने जातात. सुईच्या तपासणीत पेशी दिसतात, त्यांची मांडणी दिसत नाही, त्यामुळे फॉलिक्युलर हुकतो. अख्खी गाठ काढायला सांग, त्याआधी स्टेरॉइड देऊ नकोस, पेशी विरघळून अहवाल गोंधळतो. काढल्याबरोबर गाठीचे उभे काप करून दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकायला लाव, गाठीच्या दहापट तरी. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. अख्खी टाकली तर बाहेरून उकडल्यासारखी करडी, घट्ट दिसते, आणि मधून चिरली की आत लालसर लगदा. त्यावर सीडी20, सीडी3 (पेशींचा प्रकार ओळखायच्या खुणा) काही नीट उमटत नाही. सलाइनमध्ये पाठवलेली तर एसटीतच कुजते.

जुन्या तिघांच्या गाठींचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक जिथं असतील तिथून मागवून पाठव, वर्षं झाली तरी चालतात. नव्या बाटलीवर नाव पेन्सिलीनं लिही, झाकणावर नको, अंगावर. झाकणं बदलतात.

तुझा,
विनू