दिवाळीतल्या कोकण सहलीबद्दल लेकीला पत्र

चि. सौ. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

मंदाररावांनी केलेला सहलीचा तक्ता पाहिला. पाच दिवसांत मुरुड-जंजिरा, दापोली, गणपतीपुळे, मालवण आणि वर गोवा! नकाशावर हे सगळं एका रेघेत दिसतं, म्हणून कुणालाही वाटतं की किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की झालं. पण कोकणातलं अंतर किलोमीटरवर मोजायचं नसतं, खाड्यांवर मोजायचं. दाभोळच्या धक्क्यावरून पलीकडचं धोपावे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. फेरीबोट असेल तर पंधरा मिनिटांत पलीकडे. ती चुकली, तर दापोली-खेड-चिपळूण-गुहागर असा शंभर किलोमीटरहून जास्त वळसा. बाणकोटला तेच, जयगडला तेच. शिवाय आतल्या रस्त्यांना तासाला तीस किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरायचा नाही. वळणं, चढउतार, समोरून येणारी एसटी आणि मधेच रस्त्यात बसलेली गुरं.

म्हणून ठिकाणांची यादी बाजूला ठेव आणि आधी किनाऱ्याचा एकच तुकडा निवड. उत्तरेला एक खाडी, दक्षिणेला एक खाडी, फार तर त्यातली एक ओलांडायची. पाच दिवस, दोन मुलं आणि विहीणबाईंचे गुडघे एवढं धरून चाललं, तर तुमच्यासाठी गुहागर ते गणपतीपुळे हा तुकडा योग्य. मालवणला जायचं तर पाचही दिवस मालवणलाच द्यायचे. तो बेत वेगळा, त्याला कुडाळ स्टेशन. दापोली-हर्णै-आंजर्ल्याला खेडला उतरायचं आणि तिकडे फेब्रुवारी-मार्चनंतर जावं, कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा.

ठाण्याहून गाडी घेऊन निघू नका. मुंबईच्या भाड्याच्या गाड्या बाहेरगावी दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरचे किमान पैसे लावतात. गुहागरात तुम्ही दिवसाला साठ किलोमीटरसुद्धा फिरणार नाही, म्हणजे उभ्या गाडीचे पैसे भरणार. त्यापेक्षा कोकण रेल्वेने चिपळूणला उतरा आणि परत येताना रत्नागिरीहून बसा. जाऊन-येऊन एकाच स्टेशनचं तिकीट काढण्याची सवय इथे सोडायची, नाहीतर शेवटचा दिवस आलेल्याच वाटेने मागे जाण्यात जातो. मांडवी आणि जनशताब्दी दोन्ही चिपळूणला थांबतात. वंदे भारत थांबत नाही, ती खेडनंतर थेट रत्नागिरी. जनशताब्दी भल्या पहाटेची आहे, मुलांना उठवून नेण्यात दिवसाची सुरुवातच चिडचिडीने होईल. मांडवी बरी. दुपारच्या जेवणाच्या वेळेला चिपळूण.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. सकाळी आठला सुरू होतं आणि भाऊबीजेनंतरच्या आठवड्याच्या जागा बघता बघता संपतात. परतीचं आरक्षण जाण्याचं उघडल्यानंतर चार दिवसांनी उघडेल, तोही दिवस लिहून ठेव. रविवारची परत टाळ. व्याही आणि विहीणबाई यांचं तिकीट वेगळं काढ, तुमच्या चौघांच्या तिकिटात त्यांना घालू नकोस. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर लागतो. सहा जणांच्या तिकिटात तो हातचा जातो आणि मग वरचा बर्थ वाट्याला येतो. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा ती हिशेबात धरू नकोस. वेटिंगवर राहिलेलं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. दिवाळी लवकर आली तर पावसाळी वेळापत्रक संपलं आहे का ते बघ. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत ते चालू असतं, गाड्या हळू धावतात आणि वेळा निराळ्या असतात.

चिपळूणहून गाडी स्थानिकच ठरव. दोन गोष्टी फोनवरच बोलून घे. एक म्हणजे शेवटच्या दिवशी रत्नागिरीला सोडल्यावर रिकाम्या परतीचे किती घेणार. हे आधी नाही ठरलं तर स्टेशनाच्या दारात वाद. दुसरं म्हणजे वर कॅरियर आहे का. सात सीटर गाडीत सहा माणसं बसली की मागे बॅगांना जागा उरत नाही. शेवटची सीट पाडली तर माणसं बसत नाहीत. कॅरियर, दोरी आणि ताडपत्री हवीच. त्या दिवसांत दुपारनंतर एखादी सर येते.

आता समुद्राचं. यात लोक सगळ्यात जास्त चुकतात, आणि खरं तर सहलीतला दिवस कसा लावायचा हे भरती-ओहोटीच ठरवते. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या एक सोपा हिशेब चालत आलाय: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येनंतर प्रतिपदेपासून मोजायचं. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. त्याच्या आधी-नंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. तिथी अर्ध्यातून सुरू होते, कधी क्षयही असतो, म्हणून अर्धा तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं कोष्टक मोबाईलवर मिळतं. पण बेत आखायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

तुम्ही कार्तिक शुद्ध चतुर्थीला निघालात असं धरून सांगते. त्या दिवशी चिपळूणला जेवून साडेतीन-चारपर्यंत गुहागर. अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आहे, पण मुलांना वळणांचा त्रास होतो. जेवण हलकं द्यायचं, दूध नाही. संध्याकाळी व्याडेश्वराचं दर्शन घ्या आणि सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जा. दुसरं काही ठेवू नका.

पंचमीला हेदवी. दशभुजा गणेशाच्या देवळाला फार पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, गाडी जवळ जाते. पण हेदवीला सकाळी जाऊन परत येणारे बहुतेक जण बामणघळ कोरडीच बघून येतात. खडकातली ती चिंचोळी भेग आहे; भरतीचं पाणी आत दाबलं जातं आणि वर उसळतं. ओहोटीला तिथे नुसता खडक. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणून दुपारी जेवून दीडला निघा, आधी देऊळ, तीनला घळीपाशी. पावसाळ्यात उसळतं तेवढं पाणी कार्तिकात उसळणार नाही, मुलांना तसं आधीच सांग. अष्टमीकडे सरकत गेलं की भांगाची भरती असते, जोर आणखी कमी. म्हणूनच हे पंचमीला उरकायचं, सप्तमीवर ढकलायचं नाही. तिथला खडक शेवाळाने निसरडा असतो. विहीणबाईंनी देवळातच थांबावं, आणि मुलांचा हात घळीच्या काठावर कुणीही सोडायचा नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. परतताना वेळणेश्वर वाटेतच आहे. सूर्यास्त सहाच्या सुमाराला होतो, साडेपाचपर्यंत पोचा.

षष्ठीचा दिवस मोकळा ठेव. हा दिवस तक्त्यात नसतो, म्हणून तक्ते मोडतात. मुलांना समुद्रात डुंबायला याच दिवशी न्या, आणि वेळ सांगते ती पाळा: दुपारी तीन ते सव्वाचार. सव्वादहाच्या ओहोटीनंतर पाणी आत येत असतं, साडेचारला भरती पुरी. चढत्या पाण्यात लाट माणसाला किनाऱ्याकडे ढकलते. उतरत्या पाण्यात तीच लाट पायाखालची वाळू काढून घेते. भरती पुरी झाली की सगळ्यांनी बाहेर. मुलं गुडघ्यापर्यंतच, मोठे कमरेपर्यंत. कुणी ओढलं गेलंच, तर समोर किनाऱ्याकडे धडपडत न येता किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे वळायचं. गणपतीपुळ्याला मात्र पाण्यात उतरूच नका. तिथे किनारा एकदम खोल होतो आणि पाण्याखाली खड्डे आहेत. दर वर्षी माणसं बुडतात.

सप्तमीला सकाळी दहाला गुहागर सोडा. तवसाळच्या धक्क्यापर्यंत दीड तास धर. तिथून जयगडला फेरीबोट, गाडीसकट. भाडं गाडीच्या प्रकाराप्रमाणे आणि वर माणशी. सुटे पैसे हाताशी ठेव, तिथे नेटवर्कचा भरवसा नाही. सुट्टीच्या दिवसांत रांग लागते, पण सप्तमी रविवारी नसेल तर एखादी फेरी थांबावं लागेल, इतकंच. गाडी बोटीवर चढताना विहीणबाई आतच बसल्या तरी चालतं. उतरल्या तर धक्क्याच्या ओल्या उतारावर आधार द्या, तिथेच पाय घसरतो. पलीकडे जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वर. दोन्ही बघून दोनपर्यंत मालगुंड.

मुक्काम गणपतीपुळ्यात न करता मालगुंडला करा. देवळाला गाडीने पाच-दहा मिनिटं, पण गर्दी, भोंगे आणि पार्किंगची भांडणं नाहीत. केशवसुतांचं जन्मगाव आहे, त्यांचं स्मारक तिथेच आहे. अष्टमीला सकाळी सातच्या आत दर्शन. डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटर, फरसबंदी असली तरी चढउतार आहे. विहीणबाईंनी देवळातूनच नमस्कार करावा, देव समजून घेतो. मग आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. गाडीला वेळ असला तर थिबा राजवाडा पाहा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० मध्ये बांधलेला. मुलांना इतिहासापेक्षा तिथली मोकळी जागा आवडेल.

खोल्यांबद्दल. जाहिरातीत ‘समुद्राला लागून’ असतं, म्हणून नकाशाच्या उपग्रह चित्रात घर आणि वाळू यांच्यामध्ये काय आहे ते बघ. वाडीतली पाऊलवाट असली तर दिवसा छान, रात्री विजेरी लागते. फोनवर विचार: तळमजला आहे का, कमोड आहे का, इन्व्हर्टरवर पंखा चालतो का नुसता दिवा, गरम पाणी सोलरचं असेल तर पहाटे मिळतं का, मच्छरदाणी देतात का, ड्रायव्हरची झोपायची सोय काय. ‘सगळं आहे हो’ असं उत्तर आलं तर एकेक गोष्ट पुन्हा विचारायची. आगाऊ रक्कम पाठवताना रद्द केल्यास किती परत, हे संदेशातून लिहून घे. बोलण्यातलं कबूल करताना सगळेच उदार असतात.

जेवण घरगुती खानावळीत मागणीप्रमाणे बनतं. दुपारचं सकाळी नाश्त्याला बसतानाच सांगायचं, रात्रीचं चारच्या आत. उकडीचे मोदक आदल्या दिवशी. मासळी त्या दिवशी जाळ्यात आली तर, आणि बाजारात आली तर. ठरावीक माशाचा हट्ट धरला की बर्फातला मिळतो. सोमवार-गुरुवारी बरीच घरं मासळी शिजवत नाहीत, तेवढं वार बघून ठरव.

हवामानखात्याचा इशारा निघाला तर दोन दिवस पुढे ढकला, हट्ट नको. अरबी समुद्रातली वादळं याच दिवसांतली: २००९ चं फयान नोव्हेंबरातलं, २०१९ चं क्यार ऑक्टोबरच्या शेवटचं. धक्क्यावर बावटा लागला की फेरीबोट बंद, आणि मग पुन्हा तो वळसा.

मंदाररावांना म्हणावं, मुरुड आणि गोवा वगळले म्हणून रागावू नका. पटलं तर आरक्षणाची तारीख लगेच कॅलेंडरवर मांड आणि मला कळव, चिपळूणच्या गाडीवाल्याशी इथून बोलून ठेवते.

व्याही-विहीणबाईंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. परत येताना आगळ घेशील, तेव्हा बाटली काठोकाठ भरून घेऊ नकोस, बुचावर प्लास्टिक बांध आणि बॅगेत उभीच ठेव. गाडीच्या हादऱ्याने झाकण सैल झालं की शेजारचे सगळे कपडे लाल होतात, आणि कोकमाचा डाग जात नाही.