उसाची ट्रॉली कोणत्या विभागाची?

महोदय,

माझी नात सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. ऊस वाहतुकीमुळे रस्त्यांची होणारी झीज हा विषय तिने प्रकल्पासाठी घेतला आणि गेल्या गळीत हंगामात दोन मैत्रिणींसह गावाजवळच्या फाट्यावर संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या वेळेत वाहनांच्या नोंदी केल्या. सोबतीला मी असे; रस्त्यांच्या कामावर शाखा अभियंता म्हणून उभी हयात गेल्यामुळे रात्री रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसणे घरात दुसऱ्या कोणाला जमण्यासारखे नव्हते. त्या बैठकीत जे दिसले आणि प्रकल्पाच्या छापील प्रतीत जे उरले नाही, त्याविषयी हे पत्र आहे.

रस्त्याच्या झिजेचे गणित आमच्या पिढीला पाठ आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवत ठेवले गेले. त्या चाचणीवरून असे दिसले की, नुकसान साधारणपणे आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते; म्हणजे भार दुप्पट झाला की झीज सोळापट होते. नातीने हे गणित चोख मांडले. पण ट्रॉलीत इतका ऊस भरला का जातो, याचे उत्तर त्या सूत्रात नव्हते. ते चहाच्या टपरीवर थांबलेल्या चालकांनी दिले. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, तोडणी टोळीसाठी मुकादमाला दिलेली उचल हंगामातच फेडून घ्यायची असते आणि कारखान्याच्या काट्यावर नंबर कधी लागेल याचा नेम नसतो. अशा वेळी खेपा वाढवता येत नसतील तर खेपेतला ऊस वाढवायचा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हे सारे तिने अकरा पानांत लिहिले होते. मार्गदर्शकांनी ती पाने काढायला लावली, कारण ‘हा समाजशास्त्राचा भाग झाला, परीक्षक विचारतील.’ मी त्यांना फारसा दोष देत नाही. गुणदानाच्या तक्त्यात चालकाच्या झोपेसाठी रकाना नसतो.

एक गोष्ट मात्र जवळून पाहण्यासारखी होती. मागच्या ट्रॉलीच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर लावलेला होता आणि तो दिवसा स्वच्छ दिसतही होता. परंतु भरलेल्या उसाची वाढी, म्हणजे शेंड्याकडची हिरवी पाने, फळीवरून खाली लोंबत होती आणि दुचाकीच्या दिव्याच्या उजेडात त्या लाल पट्टीचा बोटभर तुकडाच चमकत होता. पट्टी लावल्याची नोंद कागदावर होते, वाढ्यांची होत नाही. ही पट्टी किती उंचीवर असावी हा प्रश्न यंत्र अभियंत्याचा, ती किती अंतरावरून ओळखू येते हा नेत्रतज्ज्ञाचा, मोळ्या कशा रचाव्यात हे तोडणी कामगाराला विचारण्याचे काम आणि ट्रॉली नादुरुस्त झाल्यावर ती उतरवायला साइडपट्टी शाबूत आहे का, हा आमचा. यांतल्या कोणत्याही एका प्रश्नाचे उत्तर एकट्याने सापडले, तरी दुचाकीस्वाराला त्याचा उपयोग बेताचाच.

हा विचार नवा नाही. रस्ते सुरक्षेसाठी १९६६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या सरकारी यंत्रणेचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे डॉक्टर होते. अपघाताच्या आधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर माणूस, वाहन व परिसर या तिघांचे काय होते, असा तक्ता मांडून त्यांनी या विषयाचा चेहराच बदलला. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत हे काम पुढे नेणारे प्रा. दिनेश मोहन यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन जैव-अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली होती.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात होते. त्यानंतर धरण बांधणारे आणि भूगर्भ वाचणारे यांना एकमेकांवाचून चालेना. धरणाचे मजबुतीकरण झाले, देशाच्या भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला गेला आणि आज कऱ्हाडजवळ केंद्र सरकारची, खोल विंधनछिद्रांतून भूकंपाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. सातारा जिल्ह्यात जे धरणाच्या बाबतीत घडले, ते रस्त्यांच्या बाबतीत घडायला आपण कोणत्या धक्क्याची वाट पाहत आहोत, हे कळत नाही.

कृष्णाकाठचा पूर हे दुसरे उदाहरण. सांगलीत पाणी मीटरमध्ये कोणी सांगत नाही; १९२९ सालच्या आयर्विन पुलाजवळ ते किती फुटांवर आहे, एवढेच विचारले जाते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेले होते. कोणत्या फुटाला कोणत्या गावाचा रस्ता तुटतो, हे एसटीचे वाहक, दुधाच्या टेम्पोचे चालक आणि नदीकाठचे शेतकरी तोंडपाठ सांगतात. ते लिहून काढणे, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशावर बसवणे आणि भराव टाकून उंच केलेला रस्ता पुरेशा मोऱ्या नसल्यास पुराच्या पाण्याला आडवा बांध कसा ठरतो, हे जलशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासणे, यासाठी मोठा निधीही लागत नाही. त्याच ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. कोणता रस्ता किती वेळ आधी सोडावा लागेल, ही माहिती अशा ठिकाणी पुलाच्या आराखड्याइतकीच मोलाची असते.

अडचण मनाची कमी आणि रचनेची अधिक आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हे विषय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत शिकवले जातात, तर अभियांत्रिकीची काही महाविद्यालये लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आणि काही स्वायत्त आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय हा शब्द जागोजागी आहे. तथापि दोन संस्थांतील दोन शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एकच प्रकल्प केला, तर त्याचे गुण कोणी द्यायचे, हे ठरवल्याखेरीज त्या शब्दाला पाय फुटणार नाहीत. दोन्ही विद्यापीठांनी निदान पदव्युत्तर प्रबंधांसाठी दोन शाखांचे दोन मार्गदर्शक, दोघांचीही सही आणि दोघांनाही श्रेय, इतका साधा नियम करावा. पोलीस, परिवहन, आरोग्य आणि रस्ते या चार खात्यांची अपघातविषयक माहिती एकत्र करणारी संगणकीय प्रणाली आयआयटी मद्रासच्या साहाय्याने तयार होऊन २०२१ पासून महाराष्ट्रात वापरात आहे. व्यक्तींची नावे वगळून तिच्यातील सातारा व सांगली जिल्ह्यांच्या नोंदी महाविद्यालयांना अभ्यासासाठी मिळाव्यात, यासाठी जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांनी पुढाकार घेतल्यास पुढचे बरेचसे काम विद्यार्थीच करतील.

दिवाळीच्या आगेमागे पुढचा हंगाम सुरू होईल, आणि नोंदी घ्यायच्या तर त्या पहिल्या पंधरवड्यापासूनच घ्याव्या लागतात. नातीची ती अकरा पाने माझ्याकडे जपून ठेवली आहेत. समाजशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या एखाद्या विभागाला ती हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे; फाट्यावर बसायला खुर्ची आणि सोबतीला मी, दोन्हींची सोय होईल.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
जि. सांगली