ट्रकचं इंजिन निवडताना गाडी किती दिवस उभी राहते ते मोजा

संपादक महोदय,

आपल्या अंकात हेवी ट्रकच्या डिझेल इंजिनांची तुलना वाचली, कमिन्स, डेट्रॉईट, व्होल्व्हो, पॅकार, कॅटरपिलर अशी नावं, समोर स्टार आणि शेवटी सगळ्यात भरवशाचं कोणतं त्याचा निकाल. मी जवळपास अठ्ठावीस वर्षं डिझेल इंजिनं खोलतोय आणि बांधतोय आणि लेख वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण असा तक्ता बघून कोणीतरी कर्ज काढून गाडी घेतो आणि मग दोन वर्षांनी आमच्यासमोर येऊन विचारतो की कंपनी तर चांगली होती, मग असं का झालं. त्या प्रश्नाला उत्तर देताना जीव तुटतो हो.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिनाचा भरवसा कंपनीच्या नावावरून ठरत नाही. तो ठरतो ते इंजिन कोणत्या पिढीचं आहे, ते कोणत्या कामाला जुंपलंय आणि बंद पडलं तर किती दिवसांत परत रस्त्यावर येतं यावरून. आपल्या तक्त्यात यातला एकही कॉलम नव्हता.

पिढीचं आधी सांगतो. डेट्रॉईटचं सीरीज ६० हे १९८७ साली आलं, मोठ्या ट्रकसाठी सुरुवातीपासून इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवर आणि मोठ्या संख्येनं बनलेलं हे पहिलं इंजिन, आणि त्यातलं १२.७ लिटरचं मॉडेल अजूनही जुने मिस्त्री लोक प्रेमानं आठवतात. कॅटरपिलरचं ३४०६ई तसंच, कमिन्सचं एन१४ तसंच. पण याच कंपन्यांची पुढची मॉडेलं बघा. १९९८ मध्ये अमेरिकन सरकार आणि सात इंजिन कंपन्या यांच्यात धुराच्या प्रकरणावरून समझोता झाला, त्यानुसार २००४ चे धुराचे नियम ऑक्टोबर २००२ पासूनच लागू झाले आणि बहुतेकांनी इंजिनात ईजीआर बसवला, म्हणजे जळलेल्या धुराचा काही भाग थंड करून परत सिलिंडरमध्ये सोडायचा. कॅटरपिलरनं वेगळी वाट धरली, एसर्ट नावानं दोन टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारे पंखे) आणि व्हॉल्व्हची नवी यंत्रणा आणली. मग २००७ ला काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला, २०१० ला एससीआर, म्हणजे धुरावर युरिया फवारून त्यातले नायट्रोजनचे घातक वायू कमी करणारी यंत्रणा. दहा वर्षांच्या आत तीनदा इंजिनाची रचना बदलली आणि तिन्ही वेळा पहिल्या एक-दोन वर्षांत घेतलेल्या गाड्यांच्या मालकांनी त्याची किंमत मोजली, नाव कोणतंही असो. ईजीआरचा कूलर गळायला लागला की पाणी सिलिंडरमध्ये जातं, काजळीनं इनटेक, म्हणजे हवा आत जायचा मार्ग, भरतो, टर्बोच्या पात्या अडकतात. हे सगळ्या ब्रँडमध्ये बघितलंय, कमी-जास्त एवढाच फरक.

कॅटरपिलरनं तर २००८ मध्ये जाहीर केलं की २०१० च्या नियमांसाठी रस्त्यावरच्या ट्रकची इंजिनं आम्ही बनवणार नाही, आणि बाजारातून बाहेर पडले. एवढं मोठं नाव! ज्यांनी नुसत्या कॅटच्या पिवळ्या इंजिनाच्या भरवशावर गाड्या घेतल्या त्यांना नवीन पर्यायच उरला नाही. आणि नॅव्हिस्टार या अमेरिकन ट्रक कंपनीचं मॅक्सफोर्स १३, त्यांनी २०१० च्या नियमासाठी युरिया न वापरता फक्त ईजीआरवर भर दिला, बाकी सगळे एससीआरकडे गेलेले असताना. शेवटी २०१२ मध्ये त्यांनाही एससीआरकडे वळावं लागलं आणि पुढे २०११ ते २०१४ मॉडेलच्या गाडीमालकांच्या दाव्यात १३.५ कोटी डॉलरचा समझोता झाला. ही कंपनी काही कालची नव्हती, तिच्या आधीच्या इंजिनांचं चांगलं नाव होतं. व्होल्व्होनंही २०१८ मध्ये स्वतःच सांगितलं की धूर साफ करणाऱ्या यंत्रणेतला एक भाग अपेक्षेपेक्षा लवकर खराब होतोय आणि त्यासाठी पुढे ७०० कोटी स्वीडिश क्रोनर बाजूला काढून ठेवले. म्हणून म्हणतो, "व्होल्व्हो कसं आहे" किंवा "कमिन्स कसं आहे" हा प्रश्नच अर्धवट आहे, कोणत्या सालचं, कोणतं मॉडेल ते विचारा.

बरं, नावंसुद्धा दिसतात तेवढी वेगळी नसतात. आपल्या तक्त्यात मॅकच्या एमपी८ ला एक स्टार कमी आणि व्होल्व्हो डी१३ ला एक जास्त होता, पण मॅक ही व्होल्व्हो गटातलीच कंपनी, ही दोन्ही एकाच घरातली इंजिनं आहेत. डेट्रॉईटचं डीडी१३ आणि मर्सिडीजचं ओएम ४७१ हेही एकमेकांचे सख्खे. पॅकारचं एमएक्स-१३ मूळ डाफ या डच कंपनीकडचं, पॅकारनं डाफ १९९६ ला घेतली आणि २०१० मध्ये हे इंजिन उत्तर अमेरिकेत आणलं. मग स्टार वेगळे कशावरून पडले?

आता कामाचं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण इथेच माणसं फसतात. आमच्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात घेतलेल्या सहा गाड्या होत्या. तीन लांबच्या फेऱ्यांना, दिवसभर एका स्पीडला चालणाऱ्या, आणि तीन जवळच्या, लोडिंगला तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या. लांबच्या तिघींना चार वर्षांत फिल्टर, ऑइल आणि एक वॉटर पंप सोडून काही लागलं नाही. जवळच्या तिघींचे डीपीएफ चोंदले, पुन्हा पुन्हा गाडी उभी करून रिजन, म्हणजे फिल्टरमधली काजळी तापवून जाळायचं काम, करायला लागायचं, सेन्सर गेले, एकीचा टर्बो गेला. मालक म्हणाला इंजिन फालतू आहे. अहो तेच इंजिन आहे! रिजन व्हायला सायलेन्सरमध्ये उष्णता लागते, रिकाम्या आयडलिंगवर ती मिळत नाही, काजळी जळत नाही, साठत जाते, वर न जळलेलं डिझेल लायनरवरून, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्यावरून, ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. चूक आमचीही होती, पहिल्या वर्षातच आयडलिंगचे तास मोजायला हवे होते, ते इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये दिसतात. मोजले असते तर त्या मालकाचा खर्च वाचला असता, याची मला आजही खंत आहे.

खर्चाचं गणित पण लोक उलटं करतात. इंजिनाची किंमत किंवा ओव्हरहॉलचा खर्च बघतात, पण गाडीच्या आयुष्यात सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा असतो. समजा गाडी वर्षाला दीड लाख किलोमीटर धावते. ३ चं ॲव्हरेज दिलं तर ५०,००० लिटर लागतं, ३.२ चं दिलं तर ४६,८७५. म्हणजे फक्त ०.२ च्या फरकानं वर्षाला ३,१२५ लिटर, पाच वर्षांत साडेपंधरा हजार लिटरच्या वर. ओव्हरहॉल स्वस्त पडतं म्हणून ॲव्हरेज कमी देणारं इंजिन घेतलं तर बचत कुठे गेली ते कळतसुद्धा नाही. १३ लिटरची इंजिनं वजनाला हलकी, माल थोडा जास्त बसतो, सपाट रस्त्याला बरी. १५ लिटरची, म्हणजे कमिन्सचं एक्स१५ किंवा डेट्रॉईटचं डीडी१५, घाटाला आणि जड लोडला आरामात ओढतात, अर्ध्या ताकदीवर चालतात म्हणून टिकतात. सपाट रस्त्याला १५ लिटर घेणं आणि घाटाला १३ लिटरला रगडणं, दोन्हीत नुकसान.

कंपन्या बी५० नावाचा आकडा जाहिरातीत देतात, तो काय ते पण कोणी समजावून सांगत नाही. बी५० म्हणजे ज्या किलोमीटरपर्यंत अर्ध्या इंजिनांना मोठं काम लागलेलं असेल असा अंदाज. बी१० म्हणजे शंभरातल्या दहांना. ज्याच्याकडे शंभर गाड्या आहेत त्याला बी५० उपयोगाचा, सरासरी निघते. ज्याच्याकडे दोनच गाड्या आहेत त्यानं बी१० विचारावा, कारण त्या दहांत त्याची एक गाडी निघाली तर घर बसतं. आणि हे आकडे लायनर, पिस्टन, बेअरिंग अशा मूळ इंजिनाचे असतात. स्कॅनिया या स्वीडिश कंपनीनं २०२१ च्या १३ लिटर इंजिनाला २० लाख किलोमीटरचं आयुष्य सांगितलंय, मूळ इंजिनं आज खरंच तेवढी मजबूत झालीत हे मी मान्य करतो. पण आज गाडी लायनर झिजून उभी राहत नाही, ती उभी राहते धुरातले नायट्रोजनचे वायू मोजणाऱ्या नॉक्स सेन्सरसाठी, युरिया फवारणाऱ्या डोझरसाठी, वायरिंगसाठी. एकदा एका गाडीचा सेन्सर गेला, कॉम्प्युटरनं ताकद कमी केली, आणि तळहाताएवढ्या पार्टसाठी गाडी नऊ दिवस उभी होती. हप्ता थांबत नाही, ड्रायव्हरचा पगार थांबत नाही. इंजिनाच्या आत सगळं ठणठणीत होतं.

म्हणून पार्ट कुठे मिळतो आणि हात कोण लावू शकतो हे ब्रँडच्या आधी बघा. कमिन्सचा मोठा फायदा हाच की ते बऱ्याच कंपन्यांच्या ट्रकमध्ये बसतं, त्यामुळे जाणकार मेकॅनिक आणि पार्ट जास्त ठिकाणी सापडतात, जुनी गाडी विकतानाही बरं पडतं. डेट्रॉईट, व्होल्व्हो, पॅकार यांचं इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल एकाच घरचे, ते एकमेकांशी छान जुळतात, ॲव्हरेज चांगलं देतात, पण प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, कमिन्सला इनसाइट, डेट्रॉईटला त्यांचं डायग्नोस्टिक लिंक, पॅकारला डेव्ही. ज्या मेकॅनिककडे ते नाही तो कोड वाचू शकत नाही, वाचला तरी नवा पार्ट कॉम्प्युटरला ओळखवून देऊ शकत नाही. आमच्यासारख्यांच्या हातात पाना आहे पण किल्ली दुसऱ्याकडे आहे, हे दुखतं.

आणि मालकाच्या स्वतःच्या हातात जे आहे त्यावर तर लेखात एक ओळ नव्हती. ऑइल बदलताना थोडं सँपल लॅबला पाठवा, सिलिकॉन वाढलं तर धूळ जातेय, सोडियम-पोटॅशियम दिसलं तर कूलंट गळतंय, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंग बघा, इंजिन फुटायच्या कितीतरी आधी कळतं. कूलंटमध्ये नुसतं पाणी घालू नका, लायनर थरथरतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडाला टोचून टोचून भोकं पाडतात, कूलंटमधलं केमिकल ते थांबवतं. या कारणानं भोकं पडलेले लायनर मी प्रत्येक ब्रँडमधून बाहेर काढलेत.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा स्टार काढून टाका आणि त्या जागी इंजिनाचं साल आणि मॉडेल, बी१० आणि बी५० दोन्ही, कोणत्या कामाला तपासलं, वर्षाला सरासरी किती दिवस गाडी उभी राहिली आणि त्यातले किती दिवस पार्टची वाट बघण्यात गेले, एवढे कॉलम द्या. पहिले दोन कॉलम कंपन्यांना विचारा, आणि नाही दिले तर "दिले नाहीत" असं त्या चौकटीत छापा. उभ्या दिवसांचा हिशेब गाडीमालकांकडून मागवा, आमच्या वहीत आठ वर्षांची नोंद आहे, ती मी स्वतः आणून देतो.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक