फलकाचे वेष्टन हा कामाचाच भाग मानावा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची झाली, तेव्हापासून आमच्यासारख्या छोट्या फलक छापणाऱ्यांकडे परगावच्या मागण्याही येऊ लागल्या आहेत. मात्र छापलेली पाटी ग्राहकाच्या हाती धड पोहोचावी याकडे आमच्या व्यवसायात पुरेसे लक्ष दिले जात नाही, हे खेदाने लिहावे लागते.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर दुकान उघडणाऱ्या एका ग्राहकाला मी पाठवलेली सनबोर्डची (हलक्या फोमच्या प्लास्टिक फळीची) पाटी आदल्या दिवशी पोहोचली, तेव्हा तिचा एक कोपरा तुटलेला होता आणि अक्षरांवर बबल रॅपच्या गोल खुणा उमटल्या होत्या. मी प्रथम कुरिअरला दोष दिला. परंतु सॉल्व्हंट शाईची छपाई किमान चोवीस तास उघडी ठेवायची असताना मी ती त्याच रात्री गुंडाळली होती, आणि वैशाखातील आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या गाडीत त्या ओल्या शाईचे दुसरे काय होणार होते?

तेव्हापासून मी छपाईवर आधी बटर पेपर, मग फोमची शीट आणि त्यानंतरच, फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून, बबल रॅप लावतो. रद्दी वर्तमानपत्राची शाई पाटीला लागते, म्हणून ती छपाईला भिडवत नाही. दोन्ही बाजूंना पाटीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठे हार्डबोर्ड ठेवले की धक्का कोपऱ्याऐवजी त्यांना बसतो. खोके पाच प्लायचे, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे घ्यावे आणि हलवून पाहिल्यावर आत काही सरकता कामा नये. फ्लेक्सची घडी कधीही घालू नये. रोल संपल्यावर उरणारी तीन इंची पुठ्ठ्याची नळी आपल्याकडे पडलेलीच असते, तिच्यावर तो गुंडाळावा. व्हिनाइल (मागे चिकट थर असलेली छपाईची प्लास्टिक शीट) तर छपाई बाहेर ठेवूनच गुंडाळावे, नाहीतर ते मागच्या कागदापासून सुटते. रावेर-यावलची निर्यातीची केळी फण्यांमध्ये फोम घालून पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दूरदेशी जाते. त्याच भागात राहून आम्ही पाटी नुसत्या गोणपाटात बांधावी, हे मला पटत नाही.

अडचण खर्चाची आहे, हे मान्य. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला ५००० ने भागून वजन धरतात. त्यामुळे ९० × ६० × १० सेंटिमीटरचे खोके प्रत्यक्षात तीन किलोचे असले तरी आकारणी १०.८ किलोची होते. हा भार टाळण्यासाठी खोके लहान केले जाते आणि कडेची मोकळी जागा जाते. त्यापेक्षा वेष्टनाचा खर्च बिलात स्वतंत्र ओळीत दाखवावा आणि ग्राहकांनी तो पाटीच्या किमतीइतकाच रास्त समजावा. जळगाव, धुळे व नंदुरबारच्या जिल्हा उद्योग केंद्रांनी छोट्या छपाई व्यावसायिकांसाठी या विषयावर एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक फलक व्यावसायिक, अमळनेर